‘मारणार नाहीस ना?’: तीन ते पाच वर्षांच्या मुलांना प्रथमोपचार कसे शिकवायचे?

आजचा भाग आहे घरातल्या चिमुकल्यांसाठी. म्हणजे ऐकायचाय तुम्ही, पण कामाला येणार आहे त्यांच्या. तुम्ही आई-बाबा असाल, मामा, मावशी, काका, आत्या असाल, शेजारच्या पिल्लाला कधीमधी सांभाळणारे दादा-ताई असाल, तर शेवटपर्यंत थांबा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळा भाग इथे लिहून देतोय.

आधी एक प्रसंग सांगतो. आमच्याच घरातला आहे.

गणपतीचा पहिला दिवस. घरात पंधरा-वीस माणसं. ताई आतल्या खोलीत झब्ब्यांना इस्त्री करत होती, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून ती बाहेर आली. इस्त्री उभी करून ठेवलेली, बटण बंद केलेलं. पण बटण बंद केलं म्हणून इस्त्री लगेच थोडीच गार होते! पंधरा-वीस मिनिटांनी आरती सुरू झाली. आमचा चार वर्षांचा भाचा आरतीला सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा गडी. त्या दिवशी मात्र हात पाठीमागे धरून कोपऱ्यात उभा. टाळ्या काही वाजवेना. आईने, म्हणजे त्याच्या आजीने, हात ओढून पाहिला तर तळव्यावर हा एवढा फोड.

पठ्ठ्या रडला नव्हता. कुणाला काही बोलला नव्हता. ताईने जवळ घेतल्यावर त्याचा पहिला प्रश्न काय होता माहितीये? ‘मारणार नाहीस ना?’

कारण आदल्याच दिवशी आम्ही सगळ्यांनी त्याला बजावलं होतं, ‘इस्त्रीला हात लावलास तर फटके मिळतील.’ त्याने आमचं बोलणं नीट लक्षात ठेवलं होतं. म्हणूनच तो लपला.

पुढे काय झालं? आजीने मायेने त्यावर टूथपेस्ट लावली. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना ती आधी पुसून काढावी लागली आणि तेव्हा मात्र पोरगं कळवळून रडलं. डॉक्टरांनी एकच विचारलं, ‘पाण्याखाली किती वेळ धरला होता हात?’ आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. घरात दोन इंजिनीअर, एक शिक्षिका, आणि उत्तर काय, तर शून्य मिनिटं.

हात बरा झाला, काळजी करू नका. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आजचा अख्खा भाग त्या एका प्रश्नाभोवती आहे.

एवढ्या लहान मुलांना हे झेपतं का?

पहिली शंका हीच येते. ज्याला अजून चपला उलट्या-सुलट्या घालतोय हे कळत नाही, त्याला प्रथमोपचार काय शिकवणार?

तर बघा, नॉर्वेमध्ये याच प्रश्नावर एक छोटा अभ्यास झाला होता, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. बालवाडीतल्या चार-पाच वर्षांच्या १० मुलांना खेळातून प्रथमोपचार शिकवले. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं. १० पैकी ७ मुलांना तातडीच्या मदतीचा नंबर बरोबर आठवत होता आणि पडलेला माणूस शुद्धीवर आहे की नाही हे बघता येत होतं. अवघड गोष्टी मात्र निम्म्याहून कमी मुलांना जमल्या. मुलं दहाच होती, त्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढायला नकोत. पण एवढं नक्की, की साध्या, ठरावीक कृती या वयात शिकता येतात.

म्हणून आपली अपेक्षा आधीच ठरवून घेऊ. तीन ते पाच वर्षांच्या मुलाने छाती दाबायला शिकावं, औषध द्यावं, कुणाला वाचवावं असं आपल्याला अजिबात वाटत नाहीये. त्याने फक्त चार गोष्टी कराव्यात: धोक्यापासून लांब जावं, मोठ्या माणसाला हाक मारावी, काय झालं ते खरं सांगावं, आणि एखादी अगदी सोपी कृती करावी. बस्स. बाकी सगळं काम आपलं.

धडा शून्य: ‘सांगितलंस तर ओरडणार नाही’

हा धडा मुलांचा नाही, आपला आहे. म्हणून याला शून्य नंबर दिलाय.

काय होतं ना, आपण मुलाला दोन गोष्टी एकाच वाक्यात शिकवतो. ‘हात लावू नकोस’ आणि ‘लावलास तर मार मिळेल.’ पहिली गोष्ट ते विसरतं, कारण वयच तसं आहे. दुसरी बरोबर लक्षात राहते. मग लागलं, भाजलं, काही गिळलं, की लपवायचं. आणि अपघातात पहिली काही मिनिटंच सगळ्यात मोलाची असतात.

तीच गत डॉक्टरांची. ‘जेव, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील’ हे वाक्य किती घरांत ऐकू येतं! ज्या माणसाकडे संकटात धावायचं, त्याचाच आपण बागुलबुवा करून ठेवतो.

म्हणून आजपासून घरात एक करार करा. मुलाला डोळ्यांत बघून सांगा, ‘तुला लागलं, भाजलं, तोंडात काही गेलं, तर लगेच मला सांग. चूक तुझी असली तरी मी ओरडणार नाही.’ आणि मग, मंडळी, खरंच ओरडायचं नाही. एकदा जरी शब्द मोडलात तर करार संपला. समजवायचं असेल ते मलमपट्टी झाल्यावर, संध्याकाळी, मांडीवर घेऊन समजवा.

आजी-आजोबांनाही या करारात घ्या. दिवसभर मूल बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असतं, हो की नाही?

धडा पहिला: थांब, लांब, हाक मार

लहान मुलांना लांबलचक नियम आठवत नाहीत. तीन शब्दांचं काहीतरी हवं आणि त्याला ताल हवा. आम्ही घरी हे बनवलंय: ‘थांब, लांब, हाक मार!’ ‘थांब’ला दोन्ही हात पुढे, ‘लांब’ला दोन उड्या मागे, ‘हाक मार’ला तोंडाशी हात धरून ‘आईऽऽ’.

हे तीन शब्द किती ठिकाणी चालतात बघा. फुटलेली काच दिसली. जमिनीवर पडलेली गोळी दिसली. लोंबकळणारी वायर दिसली. गॅसचा वास आला. अंगणात साप दिसला. प्रत्येक वेळी कृती तीच. साप विषारी की बिनविषारी, नाग की धामण, हे पोराला कळायची गरजच नाही. थांब, लांब, हाक मार.

‘नको’पेक्षा ‘हे कर’ सांगितलेलं मुलांना लवकर कळतं. ‘पळू नकोस’ म्हटलं की त्यांच्या डोक्यात पळणंच येतं. त्यापेक्षा ‘हळू चाल’ म्हणा. ‘काचेला हात लावू नकोस’ऐवजी ‘हात पाठीमागे घे’.

गावाकडे, विशेषतः कोकणात, आणखी एक सवय लावा: चप्पल-बूट घालायच्या आधी आपटायचे. विंचू अडचणीच्या, अंधाऱ्या जागी बसतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरच्या उपचारांत आयुष्य घातलं, प्राझोसिन या औषधाचा वापर त्यांनीच पुढे आणला. औषध आहे, पण बूट आपटणं त्याहून स्वस्त आहे. तीन वर्षांच्या मुलाला बूट आपटायला तर प्रचंड आवडतं!

धडा दुसरा: बाहुलीला बाऊ झाला

आता प्रत्यक्ष प्रथमोपचार. शिकवायचं साधन काय? बाहुली, टेडी, नाहीतर बाबा. एका दिवशी एकच खेळ, पाच मिनिटं. त्याहून जास्त नको, कंटाळतात.

भाजलं तर ‘नळ, नळ, नळ’. टेडीला चटका बसला. आता काय करायचं? धावत नळाकडे! भाजलेल्या जागेवर साधं, गार, वाहतं पाणी २० मिनिटं. मुलाने एवढंच शिकायचं, की चटका म्हणजे नळ आणि हाक. २० मिनिटं मोजायचं काम आपलं. मोबाइलवर टायमर लावा, कारण अशा वेळी पाच मिनिटंही तासासारखी वाटतात.

मोठ्यांसाठी: बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काहीही नको. हातातलं कडं, मनगटाचा दोरा, अंगठी सूज यायच्या आधी काढा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. नळाला पाणी नसेल तर स्वच्छ गार पाणी तांब्याने हळूहळू ओतत राहा. भाजलेली जागा गार करायची, पण बाकीचं अंग पांघरुणात उबदार ठेवायचं, कारण लहान मुलं चटकन गारठतात. मग स्वच्छ कपड्याने सैलसर झाका. फोड आला असेल, चेहरा, हात, पाय किंवा नाजूक जागी भाजलं असेल, किंवा जखम मुलाच्या तळव्याहून मोठी असेल, तर सरळ डॉक्टर. थोडा उशीर झाला असला तरी पाणी लावाच. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. हे आम्हाला त्या दिवशी माहीत असतं तर!

खरचटलं तर ‘धू आणि दाब’. बाहुलीचा गुडघा फुटला. पाण्याने धुवायचं, स्वच्छ रुमाल ठेवून दाबायचं. दाबताना मोठ्याने १० पर्यंत अंक म्हणायचे. अंकांचाही सराव होतो! रक्त बघून मुलं घाबरतात, पण हाताला काम मिळालं की भीती कमी होते.

घोळणा फुटला तर ‘खाली बघ, नाक धर’. आपल्याकडे नाकातून रक्त आलं की डोकं मागे करायला लावतात, कुणी कांदा हुंगवतं. डोकं मागे केलं की रक्त घशात जातं आणि उलटी होते. बरोबर पद्धत अशी: बसायचं, थोडं पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा, तोंडाने श्वास घ्यायचा. १० मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही. थांबलं नाही तर आणखी १० मिनिटं. तरीही वाहत असेल तर डॉक्टर. मुलांना ही चिमटी धरून बोलायला फार मजा येते, कारण आवाज बदलतो. तेवढ्या हसण्यात धडा पक्का होतो.

कुत्रा चावला किंवा ओरखडला तर ‘साबण आणि सांग’. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस. जखमेत मिरची, चुना भरायचा नाही. इथे धडा शून्य पुन्हा आठवा. ‘कुत्र्याशी खेळू नको’ असं दटावलेलं मूल छोटा ओरखडा लपवून ठेवू शकतं. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की तो आजार जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. म्हणून ‘छोटंसंच आहे’ म्हणून सोडायचं नाही.

कपड्याला आग लागली तर ‘थांब, आडवा हो, लोळ’. घाबरून पळालं की वारा लागून आग भडकते. सतरंजीवर लोळायचा सराव दिवाळीच्या आधी करा. चेहऱ्यावर दोन्ही हात ठेवून लोळायचं. आणि हो, फुलबाजीला ‘बाळाचा फटाका’ समजू नका. तिचं तापमान हजार अंशांच्या आसपास जातं. विझलेली तारही पोळते. जवळ पाण्याची बादली ठेवा, तार तिच्यात टाका. सुती कपडे घाला, झगमगते सिंथेटिक नकोत.

धडा तिसरा: फोनवर काय सांगायचं?

तुम्ही दिवसभर फोन घेऊन असता, म्हणून हा धडा खास तुमच्यासाठी. समजा घरात आजी आणि नात दोघीच आहेत. आजी पडली, बोलत नाहीये. नातीला कार्टून लावता येतं, सेल्फी काढता येतो. मदतीला फोन लावता येतो का?

पहिली कृती मात्र फोनची नाही. आजीच्या खांद्याला हात लावून मोठ्याने विचारायचं, ‘आजी, ऐकू येतंय का?’ उत्तर नाही आलं तर शेजाऱ्यांना हाक. चाळीत, वाड्यात, सोसायटीत दार उघडून ‘काकूऽऽ, या ना!’ ओरडणं हे चार वर्षांच्या मुलासाठी सगळ्यात जलद. त्यासाठी कोणत्या काकूंकडे जायचं हे आधी ठरवा आणि त्या काकूंनाही सांगून ठेवा.

शेजारी कुणी नसेल तर ११२. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यांसाठी हा एकच नंबर. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच, पण लहान मुलाला एकच नंबर शिकवा. ‘एक-एक-दोन’ टाळ्यांच्या तालावर म्हणवून घ्या. परदेशातून ऐकत असाल तर तिथला शिकवा: अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००.

लॉक असलेल्या स्मार्टफोनवरूनही इमर्जन्सी कॉल लागतो. तुमच्या फोनवर ते बटण कुठे आहे ते आत्ता, हा भाग थांबवून बघा. मग मुलाला जागा दाखवा. सराव मात्र खेळण्यातल्या फोनवर किंवा कागदावर काढलेल्या फोनवर करायचा. खरा ११२ लावून सराव नको, तिथे कुणाची तरी खरी गरज थांबलेली असते.

आता गंमत बघा. मुलाला विचारा, ‘तुझ्या आईचं नाव काय?’ बरीच मुलं सांगतात, ‘आई!’ कुठे राहतोस? ‘आमच्या घरी!’ म्हणून तीन गोष्टी गाण्यासारख्या पाठ करून घ्या: स्वतःचं पूर्ण नाव, आई-बाबांचं नाव, आणि घराची खूण. पूर्ण पत्ता नाही आला तरी ‘मारुतीच्या देवळासमोरचं घर’, ‘पाण्याच्या टाकीजवळची बिल्डिंग’ हेही खूप आहे. आणि शेवटचा नियम: समोरचा ‘ठेव’ म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

जे मुलांवर सोडायचंच नाही

हे सगळं शिकवलं म्हणजे मूल सुरक्षित झालं असं समजू नका. चार वर्षांच्या मुलाला नियम पाठ असतो, पण चेंडू रस्त्यावर गेला की नियम गेला उडत. म्हणून काही गोष्टी आपणच करायच्या.

गॅसवरच्या भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला. गरम डाळ, दूध, अंघोळीचं कढत पाणी जमिनीवर ठेवायचं नाही. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. पाण्यात टाकायचा हीटर लावून खोलीबाहेर जायचं नाही. बादली, टब, हौद वापरून झाले की रिकामे किंवा झाकलेले, कारण लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि तेही आवाज न करता.

फिनाइल, ॲसिड, रॉकेल कधीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका. मूल बाटली ओळखतं, आतलं काय ते नाही. औषधाला ‘गोड गोळी’, ‘चॉकलेट’ म्हणू नका. असं काही पोटात गेलं तर उलटी काढायला लावू नका, बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. रिमोट, खेळणी, घड्याळ यातल्या बटणासारख्या चपट्या बॅटरीबद्दल तर डोळ्यांत तेल घालून जपा. ती घशात अडकली तर दोन तासांतही आतली त्वचा जाळू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थांबायचं नाही.

आणि घशात अडकणं. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, नाणी, फुग्याचे तुकडे. मुलाचा नियम एकच: ‘बसून खा, मग खेळ.’ आपला नियम: द्राक्षं उभी चिरून, दाणे कुटून. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्याने ५ थापा. नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर असे ५ दाब. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही. त्याला हातावर पालथं, डोकं खाली धरून ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. निघेपर्यंत आलटून पालटून. दुसऱ्या कुणाला तरी ११२ लावायला सांगा. बाळ निपचित पडलं तर छाती दाबून आणि श्वास देऊन पुनरुज्जीवन करावं लागतं. घशात नुसतंच बोट घालून चाचपू नका, वस्तू आणखी आत जाते. हे ऐकून किंवा वाचून पुरेसं जमत नाही. जवळपास प्रथमोपचाराचं प्रशिक्षण असेल तर एक रविवार द्या. आमच्या घरातल्या पाचजणांनी दिला.

या आठवड्याचा गृहपाठ

सोमवारी करार करा. मंगळवारी ‘थांब, लांब, हाक मार’. बुधवारी नळाचा खेळ, गुरुवारी धू आणि दाब, शुक्रवारी नाकाची चिमटी. शनिवारी नाव-गाव आणि एक-एक-दोन. रविवारी मुलाला डॉक्टर करा आणि तुम्ही पेशंट व्हा. चुकलं तर हसू नका, ‘परत दाखव’ म्हणा. महिन्याभराने पुन्हा एकदा खेळा, कारण मुलं विसरतात. आपणही विसरतो.

जाता जाता भाच्याचं सांगतो. गेल्या महिन्यात त्याने काचेचा ग्लास फोडला. स्वयंपाकघरातून आवाज आला, आणि पाठोपाठ हाक आली, ‘आईऽऽ, माझ्याकडून ग्लास फुटला, मी लांब उभा आहे!’ ताई धावत गेली. साहेब हात पाठीमागे घेऊन दाराशी उभे. हात पुन्हा पाठीमागेच होते, पण या वेळी लपवायला नाही.

ताई ओरडली नाही. ग्लास चांगल्या सेटमधला होता, तरीसुद्धा!

तुमच्या घरात, बालवाडीत, अंगणवाडीत तुम्ही असा कुठला खेळ बनवलाय का? नक्की कळवा. आणि हा भाग कुटुंबाच्या ग्रुपवर टाका, आजी-आजोबांना मुद्दाम ऐकवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि टूथपेस्ट फक्त दातांना लावा!